चंद्राला जायच्या तीन वाटा

१५ नोव्हेंबर १९६१ रोजी जॉन हूबोल्ट या अमेरिकन इंजिनिअरने नऊ पानांचं एक पत्र लिहिलं. हूबोल्ट व्हर्जिनियातल्या लँग्ली संशोधन केंद्रात काम करत होते. हे पत्र त्यांनी आपल्या वरिष्ठांमार्फत पाठवलं नाही. मधल्या सगळ्या पायऱ्या ओलांडून त्यांनी ते थेट नासाच्या मुख्यालयात रॉबर्ट सीमन्स या वरच्या फळीतल्या अधिकाऱ्याला लिहिलं. सुरुवातीलाच ते म्हणतात की, मी काहीसा अरण्यातल्या आवाजासारखा बोलतो आहे. आगमनकाळात चर्चमध्ये बसणाऱ्या कुणालाही ही प्रतिमा कुठून आली ते सांगावं लागत नाही. यशया संदेष्ट्यापासून योहान बाप्तिस्तापर्यंत आलेली ती प्रतिमा इथे एका तांत्रिक पत्रात येते, आणि विषय असतो चंद्रावर माणूस कसा उतरवायचा हा!

मी साहित्याची विद्यार्थिनी. त्या प्रतिमेमुळेच या पत्राकडे वळले. पण वाचत गेले तशी पत्रामागच्या प्रश्नात जास्त गुंतले. एखादी गोष्ट बांधायला घेण्याआधी, सगळं अजून कागदावरच असताना, समोरच्या पर्यायांतून एक निवडायचा कसा? अवकाशयान बनवणारे लोक या कामाला 'ट्रेड स्टडी' म्हणतात. इथे ट्रेड म्हणजे धंदा नव्हे, देवाणघेवाण. हे हवं असेल तर ते सोडावं लागेल. मग नेमकं काय सोडायला आपण तयार आहोत? हा हिशेब कसा चालतो, आणि तो करताना शहाणी माणसंसुद्धा कुठे अडखळतात, हे अपोलोच्या उदाहरणावरून चांगलं समजतं.

कागदावरचे दिवस

यानाच्या कामात सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात, कारण तेव्हा बदल स्वस्त असतो. कागदावरचा पाय खोडून दुसरीकडे काढायला पाच मिनिटं लागतात. एकदा धातू कापला, कंत्राटं दिली, रॉकेटचा आकार ठरला, की तोच बदल करायला वर्षं आणि कोट्यवधी रुपये जातात. गंमत अशी की जेव्हा माहिती सगळ्यात कमी असते, तेव्हाच सगळ्यात मोठे निर्णय घ्यावे लागतात. ही अडचण टाळता येत नाही. म्हणून निदान निवड पद्धतशीर तरी करावी, एवढंच हातात उरतं.

पद्धत ऐकायला सोपी आहे. आधी आपल्याला नेमकं काय साधायचं आहे ते लिहायचं. मग मोजायच्या पट्ट्या ठरवायच्या: वजन किती, खर्च किती, वेळ किती, धोका किती. कुठल्या पट्टीला किती महत्त्व तेही ठरवायचं. त्यानंतर सगळे पर्याय त्याच पट्ट्यांनी मोजायचे. शेवटी पट्ट्यांचं महत्त्व थोडं कमी-जास्त करून बघायचं. तरीही तोच पर्याय वर राहिला तर तो भक्कम. जरासं हलवल्याबरोबर उत्तर बदललं, तर अजून विचार करायला हवा. आणि हे सगळं लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कुणी विचारलं की असं का, तर 'तेव्हा सगळ्यांना तसं वाटलं' एवढंच उत्तर द्यायची वेळ येत नाही.

तीन वाटा

२५ मे १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी काँग्रेससमोर जाहीर केलं की हे दशक संपायच्या आत अमेरिका चंद्रावर माणूस उतरवेल आणि सुखरूप परत आणेल. त्या दिवशी अमेरिकेच्या गाठीला मानवी अंतराळप्रवासाचा अनुभव होता तो फक्त १५ मिनिटांचा. ॲलन शेपर्ड २० दिवसांपूर्वी वर जाऊन खाली आले होते, पृथ्वीला एक प्रदक्षिणाही न घालता. ध्येय ठरलं, पण वाट ठरली नव्हती. तीन वाटांवर गंभीर चर्चा सुरू होती.

पहिली वाट म्हणजे थेट चढाई. एक प्रचंड रॉकेट घ्यायचं, सगळं यान एका झेपेत चंद्रावर उतरवायचं आणि तेच यान तिथून उडवून घरी आणायचं. यासाठी नोव्हा नावाच्या रॉकेटचे आराखडे होते. त्यातल्या एकात खालच्या टप्प्याला आठ एफ-१ इंजिनं होती. पुढे जे सॅटर्न-५ बनलं, त्याला अशी पाच होती, आणि तेच सुमारे ११० मीटर उंच होतं. यावरून नोव्हाचा अंदाज करावा.

दुसरी वाट पृथ्वीजवळच्या भेटीची. नोव्हाइतकं मोठं रॉकेट बनवण्याऐवजी दोन किंवा जास्त लहान रॉकेटं सोडायची. पृथ्वीभोवती फिरता फिरता यानाचे भाग जोडायचे किंवा इंधन भरायचं, आणि मग तिथून चंद्राकडे निघायचं. उतरणारं यान मात्र पहिल्या वाटेसारखंच मोठं.

तिसरी वाट चंद्राजवळच्या भेटीची. एकाच रॉकेटने मुख्य यान आणि एक छोटं उतरणारं यान चंद्रापर्यंत न्यायचं. मुख्य यान चंद्राभोवती घिरट्या घालत राहील. दोघे जण छोट्या यानातून खाली जातील, परत वर येतील, मुख्य यानाला जोडले जातील, आणि छोटं यान तिथेच सोडून घरी निघतील. हूबोल्ट या वाटेची वकिली करत होते. कल्पना काही त्यांना पहिल्यांदा सुचली नव्हती. युक्रेनमध्ये जन्मलेल्या युरी कोंद्रात्युक यांनी ती कित्येक दशकं आधी मांडली होती, आणि अमेरिकेतही इतरांनी तिच्यावर काम केलं होतं.

वजनाचं गणित

तिसऱ्या वाटेचं बळ वजनात आहे. चंद्रावर हवा नाही, म्हणजे पॅराशूटचा उपयोग नाही. कक्षेतून खाली उतरताना सेकंदाला सुमारे २ किलोमीटरचा वेग इंजिन लावूनच मारावा लागतो. परत वर जाताना जवळपास तेवढाच वेग पुन्हा कमवावा लागतो. त्या काळी यानात वापरलेल्या इंधनाने हे करायचं, तर दर वेळी वजन साधारण दुप्पट धरावं लागतं. उतरायला दुप्पट, चढायला दुप्पट. म्हणजे १ किलो वस्तू कक्षेतून खाली नेऊन परत वर आणायची, तर कक्षेत सुमारे ४ किलोंची सोय हवी.

आता प्रवासी ज्यात बसून पृथ्वीवर परतले, ते अपोलोचं कमांड मॉड्यूल घ्या. परतीच्या वेळी त्याचं वजन साडेपाच टनांच्या आसपास असे. त्यात पृथ्वीच्या वातावरणात जळू नये म्हणून उष्णतारोधक कवच, समुद्रात उतरण्यासाठी पॅराशूट. यातलं काहीही चंद्रावर कामाचं नाही. तरी ते खाली न्यायचं आणि वर आणायचं, तर नुसत्या त्याच्यासाठी २२ टन लागले. त्यावर परतीच्या प्रवासाचं इंधन, तेही खाली नेऊन वर आणायचं, पुन्हा चौपट! तिसऱ्या वाटेत ही सगळी जड गाठोडी वर कक्षेतच राहतात. गडावर दर्शनाला जाताना सामान पायथ्याशी ठेवावं, तसं. अपोलो ११ चं उतरणारं यान, इंधन-माणसांसकट, सुमारे १५ टनांचं होतं.

मग लोकांना हे पटत का नव्हतं?

भीतीचा हिशेब

कारण भेट चंद्राजवळ होती. १९६१ मध्ये अंतराळात दोन यानांची भेट कुणीही घडवून आणलेली नव्हती. पृथ्वीभोवती जोडणी फसली, तर माणसं खाली येऊ शकतात. पण ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर चंद्राभोवती फसली, तर खालून आलेले दोघे कायमचे तिथेच राहणार आणि तिसरा एकटा परत येणार. हे चित्र इतकं भयंकर होतं, की अनेकांनी गणित बघण्याआधीच वाट बंद केली. डिसेंबर १९६० मधल्या एका बैठकीत तर मर्क्युरी यानाचे डिझायनर मॅक्स फाजे यांनी हूबोल्ट यांचे आकडे खोटे आहेत, असं भर सभेत सुनावलं.

इथे फाजे यांच्या बाजूनेही बोलायला हवं. लँग्लीच्या सुरुवातीच्या काही अभ्यासांत उतरणारं यान फारच हलकं धरलं होतं. एका आवृत्तीत तर बंद खोलीसुद्धा नव्हती. अंतराळपोशाख घालून उघड्या फळीवर बसल्यासारखं खाली जायचं, अशी ती कल्पना. पुढे खरं यान त्या आकड्यांच्या कितीतरी पट जड झालं. एखाद्या कल्पनेवर जीव असला की तिचे आकडे नकळत गोड होतात. पण या चुकीमुळे मूळ मुद्दा खोटा ठरत नव्हता. यान जड झालं तरी तिसरी वाट इतरांपेक्षा हलकीच राहत होती.

आणि त्या भीतीचा हिशेब एकतर्फी होता. भेटीचा धोका सगळ्यांना दिसत होता, कारण तो नवा होता आणि नाट्यमय होता. थेट चढाईतले धोके मात्र नेहमीच्या कामासारखे वाटत होते. नोव्हा कधीच बनलेलं नव्हतं. ते वेळेत बनेल का? अनेक मजली उंच यान खडकाळ जमिनीवर शेपटीच्या बाजूने उतरवायचं, तेही आत उताण्या बसलेल्या वैमानिकाला खालची जमीन धड दिसत नसताना. ते कसं जमेल? हे प्रश्न सुटले नव्हते, फक्त कुणाला त्यांची तितकी भीती वाटत नव्हती. पुढे ह्यूस्टनची मंडळी तिसऱ्या वाटेकडे वळली, त्याचं एक मोठं कारण हेच उतरण्याचं कोडं होतं. यान जितकं लहान आणि फक्त उतरण्यासाठी घडवलेलं, तितकं ते कोडं सोपं.

मला यातून सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. पर्यायांची तुलना करताना आपण एका पर्यायाचा भीतिदायक प्रसंग दुसऱ्याच्या सामान्य प्रसंगाशी ताडून बघतो. ती तुलनाच नव्हे. धोका ताडायचा तर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, आणि दोन्हींचा.

तराजू एकच हवा

हूबोल्ट यांच्या पत्रातली मुख्य तक्रार हीच होती. आपल्याला चंद्रावर जायचं आहे की नाही, असा सरळ सवाल ते विचारतात. नोव्हासारखा अवाढव्य मार्ग सगळे मुकाट्याने मान्य करतात आणि भेटीची साधी योजना मात्र वाळीत टाकतात, याचं त्यांना कोडं पडलं होतं. माझंच निवडा, असा आग्रह त्यांना सहज धरता आला असता. पण पत्रातलं मुख्य मागणं वेगळं आहे: सगळ्यांना एकाच तराजूत तोला. भाषा मधूनमधून तापते, आणि आपण शिस्त मोडतो आहोत याची जाणीवही तिच्यात आहे.

सीमन्स यांनी ते पत्र बाजूला सारलं नाही. त्यांनी ते मानवी उड्डाणांच्या विभागाकडे विचारासाठी पाठवलं. थोड्याच दिवसांत जोसेफ शे हे सिस्टिम्स इंजिनिअर मुख्यालयात आले, आणि तिन्ही वाटांची तुलना करण्याचं काम १९६२ च्या पहिल्या सहामाहीत त्यांच्या देखरेखीखाली झालं. त्यांच्यासमोरची खरी अडचण तांत्रिक नव्हती. अलाबामामधल्या मार्शल केंद्राचं काम रॉकेटं बनवण्याचं, त्यामुळे तिथे पृथ्वीजवळची भेट लोकप्रिय. तिच्यात रॉकेटं जास्त लागतात! ह्यूस्टनवाल्यांचं काम यानाचं, त्यांचं मन वेगळीकडे. प्रत्येक केंद्राचे आकडे त्याच्या आवडीच्या वाटेला सोयीचे निघत. मग शे यांनी दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या पर्यायांवरही काम करायला लावलं. दुसऱ्याची बाजू स्वतः मांडायला लागली की तिच्यातलं बळ कळतं. वक्तृत्व स्पर्धेत विषयाच्या दोन्ही बाजूंनी तयारी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

७ जून १९६२ रोजी मार्शल केंद्राचे प्रमुख वेर्नर फॉन ब्राउन यांनी दिवसभराच्या बैठकीच्या शेवटी आपण चंद्राजवळच्या भेटीला पाठिंबा देत आहोत, असं जाहीर केलं. त्यांच्याच माणसांना धक्का बसला. फॉन ब्राउन हे काही संत नव्हेत. हिटलरच्या जर्मनीत त्यांनी बनवलेल्या व्ही-२ क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात कैद्यांचे बळी गेले होते, आणि तो इतिहास पुसता येत नाही. पण या दिवसाचं त्यांचं भाषण निर्णय कसा समजावून सांगावा याचा नमुना आहे. ते म्हणाले, तिन्ही वाटा शक्य आहेत. पण दशकाच्या आत पोहोचण्याची सगळ्यात जास्त खात्री तिसरीत आहे. उतरणारं यान आणि परतणारं यान वेगळं असल्यामुळे प्रत्येकाला एकच काम नीट करता येईल. आणि आता लवकर ठरवलं नाही, तर कुठलीच वाट वेळेत पुरी होणार नाही. आपल्याला न सुचलेली कल्पना स्वीकारणं माणसांना जड जातं, याचीही त्यांनी मोकळेपणाने दखल घेतली.

११ जुलै १९६२ रोजी नासाने निर्णय जाहीर केला.

प्रश्न कोणता विचारला होता?

एवढ्यावर गोष्ट संपवली तर ती 'एकटा हुशार विरुद्ध बाकी सगळे' अशी सरधोपट होईल. पण विरोध थांबला नव्हता. अध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जेरोम वाइझनर यांना हा निर्णय मान्य नव्हता. सप्टेंबर १९६२ मध्ये केनेडी मार्शल केंद्राला भेट द्यायला गेले, तेव्हा त्यांच्यासमोरच वाइझनर आणि फॉन ब्राउन यांची जुंपली. अखेर नासाचंच म्हणणं टिकलं, आणि नोव्हेंबरमध्ये उतरणारं यान बनवण्यासाठी ग्रमन कंपनीची निवड झाली.

पुढची वर्षं हूबोल्ट यांच्या बाजूने गेली. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ आणि ७ यांनी पृथ्वीभोवती भेट साधली, मार्च १९६६ मध्ये जेमिनी ८ ने पहिली जोडणी केली. २० जुलै १९६९ रोजी ईगल चंद्रावर उतरलं आणि दुसऱ्या दिवशी वर येऊन मुख्य यानाला जोडलं गेलं. ज्या भेटीची सगळ्यात जास्त धास्ती होती, ती अपोलोच्या सहाही चांद्रावतरणांत यशस्वी झाली.

तरी एक प्रश्न राहतोच. तिसरी वाट 'दशकाच्या आत' या अटीसाठी सर्वोत्तम होती. पृथ्वीजवळच्या भेटीचे पुरस्कर्ते म्हणत की तिच्यातून पृथ्वीभोवती यानं जोडण्याचं, इंधन भरण्याचं कसब उभं राहील, आणि ते पुढे कित्येक वर्षं उपयोगी पडेल. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ परतलं, आणि त्यानंतर अनेक दशकं चंद्रावर माणसाचं पाऊल पडलं नाही. याला राजकारण आणि पैसा ही मोठी कारणं आहेत. सगळा दोष वाटेवर टाकता येणार नाही. पण मूळ प्रश्न 'लवकरात लवकर कसं पोहोचायचं' ऐवजी 'वारंवार कसं जायचं' असा असता, तर तक्त्यातलं उत्तर कदाचित बदललं असतं. तक्ता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. प्रश्न योग्य होता का, हे तो सांगत नाही.

पाय किती, खुर्च्या किती

मोठी वाट ठरल्यावर लहान निवडी सुरू झाल्या, त्याही तितक्याच मजेशीर. उतरणाऱ्या यानाला पाय किती? तीन सगळ्यात हलके, पण एक मोडला की यान कलंडणार. पाच सुरक्षित, पण जड. शेवटी चार ठरले. सुरुवातीच्या आराखड्यात आत बसायला खुर्च्या होत्या आणि बाहेर बघायला हेलिकॉप्टरसारख्या मोठ्या काचा. काचा जड आणि खुर्च्याही जड. मग कुणीतरी विचारलं, खुर्च्या हव्यातच कशाला? चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. उभं राहून यान चालवता येईल. उभा माणूस काचेच्या अगदी जवळ येतो, म्हणून छोट्या त्रिकोणी खिडकीतूनही पुरेसं दिसतं. एक खुर्ची गेली आणि तिच्यामागून मोठी काचही गेली. चांगला पर्याय नेहमी दिलेल्या यादीत नसतो. कधी यादीतली एखादी 'गरज'च खोडावी लागते.

चांद्रयानाचा तराजू

हे सगळं आपल्यापासून दूर नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं विक्रम लँडर कोसळलं, त्यानंतर इस्रोसमोरही असेच पर्याय होते. लँडरचं मधलं, पाचवं इंजिन काढून चार ठेवली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. उतरण्यासाठीची जागा आधी ५०० मीटर बाय ५०० मीटर होती, ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. नवं ऑर्बिटर पाठवलंच नाही, कारण चांद्रयान-२ चं ऑर्बिटर चालू होतं. त्याऐवजी लँडरला चंद्रापर्यंत नेणारं साधं प्रॉपल्शन मॉड्यूल दिलं. काय काय बिघडू शकतं याची यादी आधी, डिझाइन नंतर, असा तो विचार होता. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी त्याचं फळ आपण सगळ्यांनी बघितलं.

पुढच्या चांद्रयान-४ चं काम आहे चंद्रावरची माती पृथ्वीवर आणायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. हे सगळं ओझं एकाच एलव्हीएम-३ रॉकेटला पेलणारं नाही, म्हणून दोन उड्डाणं करून भाग पृथ्वीभोवती जोडायचे आणि चंद्रावरून वर आलेला भाग चंद्राभोवती जोडायचा, अशी योजना आहे. म्हणजे १९६१ मधली दुसरी आणि तिसरी वाट, दोन्ही एकत्र! त्या जोडणीचा सराव म्हणून स्पेडेक्सच्या दोन छोट्या उपग्रहांनी १६ जानेवारी २०२५ रोजी पृथ्वीभोवती एकमेकांना धरलं, आणि अशी जोडणी करणारा भारत चौथा देश ठरला.

हूबोल्ट २०१४ मध्ये गेले. अपोलो ११ उतरलं तेव्हा ते ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात पाहुण्यांच्या जागी बसले होते, आणि फॉन ब्राउन यांनी वळून त्यांचे आभार मानले. ही आठवण सगळीकडे सांगितली जाते आणि ती छानच आहे. पण मला त्याआधीचे आठ महिने जास्त मोलाचे वाटतात: पत्र आलं नोव्हेंबरात, निर्णय झाला जुलैत. त्या काळात एका अधिकाऱ्याने न आवडणारं पत्र पुढे पाठवलं, एका इंजिनिअरने सगळ्यांना सारखी पट्टी लावली, आणि एका प्रमुखाने आपल्याच केंद्राची आवडती वाट सोडली. अरण्यात आवाज उठवणारे पुष्कळ असतात. तो ऐकून नकाशा पुन्हा उघडणारी माणसं त्या वेळी तिथे होती, आणि सगळं अजून कागदावरच होतं.